चोरीची मेणवेल

रेगिनाने कुलूप काढलं, दार ढकललं, आणि डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. तीन आठवडे बंद असलेल्या घराला धुळीचा वास यायला हवा होता. आला तो उकडून सडलेल्या पालेभाजीचा.

डोक्यावरची टोपी न काढता, काठी टेकत ती तशीच स्वयंपाकघरात गेली. खिडकी वरच्या बाजूने चार बोटं उघडी होती. तिनेच ठेवली होती, दुसऱ्या कोणाला बोल लावणार? डोंगरातल्या आरोग्यधामात कंबरेच्या उपचारांना निघाली तेव्हा फेब्रुवारीचा मध्य होता, रस्त्यात नुसता चिखल होता, थंडी संपल्यात जमा होती. आणि घर कोंदू नये, हवा खेळती हवी, हे वेड आमच्या निसा गावात झाडून सगळ्यांना. बाहेर हाडं गोठली तरी सकाळी उठून आधी खिडकी उघडायची, अंथरुणं झटकायची, चहा मागाहून. त्या सवयीपायी खिडकी राहिली. मग महिनाअखेरीस पूर्वेकडून अशी काही थंडी उतरली की नदीसुद्धा काठाकाठाने गोठली.

मेणवेल मेली होती.

पुस्तकात तिला होया म्हणतात. जाड, चिवट पानं, आणि मेणाने घडवल्यासारख्या चांदण्यांचे लोंबते गुच्छ, म्हणून आमच्याकडे मेणवेल. पण रेगिनाची मेणवेल म्हणजे कुंडीतलं एक झाड नव्हे हो! एकसष्ट वर्षं ती या स्वयंपाकघरात हिंडत होती. तिचे बाबा चांभारकाम करायचे. बुटांचे बारीक खिळे भिंतीत ठोकून त्यांना मेणाचा दोरा बांधून त्यांनी तिला वाट करून दिली होती. खिडकीवरून ती भांड्यांच्या कपाटावर आली, ते वर्ष भाऊ वितेक सैन्यात गेला ते. कपाटावरून मेरीमातेच्या तसबिरीला वेढा घातला, त्या साली बाबा गेले. तिथून दाराच्या चौकटीवरून वळून घड्याळापाशी पोचली, तो आईचा शेवटचा हिवाळा. कोणी विचारलं, अमुक गोष्ट कोणत्या वर्षी झाली ग, तर रेगिना कॅलेंडर बघायची नाही. भिंतीकडे बघायची.

आता भिंतीवर तपकिरी चिंध्या लोंबत होत्या. रेगिनाने एक पान बोटांत धरलं. ते बोटांतच विरघळलं.

"अग बाई," ती म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि टोपीसकट रडली.

खरी चरफड पुढेच होती. रेगिना निघताना खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने, बोगुस्याने, दोनदा विचारलं होतं, "किल्ली ठेवून जातेस का? पाणी घालीन, खिडकी बघीन." रेगिनाने तोंडभर हसून सांगितलं होतं, "नको ग, कशाला त्रास? तिला महिनाभर पाणी नसलं तरी चालतं." ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. किल्ली दिली की बोगुस्या वेलीचा तुकडा मोडून नेणार, याची रेगिनाला खात्री होती. अख्ख्या गावाने आजवर तिच्याकडे फांदी मागितली होती: बोगुस्याने, शाळेच्या मुख्याध्यापिकेने, पाद्रीबुवांच्या स्वयंपाकिणीने. रेगिनाचं उत्तर ठरलेलं. "अजून लहान आहे ग ती, जरा वाढू दे." वेल तेव्हा अकरा मीटर झाली होती! आता चोरालाही न्यायला काही उरलं नव्हतं.

तिने हात टेकले का? छे. मार्चभर तिने जे जे माहीत होतं ते केलं. सडलेलं कापून टाकलं. कुंडी शेगडीपाशी आणली, पुन्हा खिडकीत नेली. नखाने खोड खरवडून बघायची, कुठे हिरवं दिसतंय का. पाणी कोमट करून चमच्याने घालायची. सगळं आईने शिकवलेलं. कुंडी नेहमी घट्ट हवी, ऐसपैस दिली तर नुसती मुळं पसरत बसते. उन्हाळ्यात आठवड्याला पाणी, हिवाळ्यात महिन्याला. कळ्या धरल्या की कुंडी तसूभर फिरवायची नाही, रुसून कळ्या टाकते. फूल गळलं तरी त्याचा देठ तोडायचा नाही, पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा फुलते. आणि शनिवारी पानं बियरच्या फडक्याने पुसायची. उरलेली बियर बाबा गट्ट करायचे, "वेलीच्या तब्येतीसाठी" म्हणून.

जूनच्या संध्याकाळी ती घमघमायची. दिवसभर मुकी, आणि ऊन उतरलं की मध आणि लवंग एकत्र केल्यासारखा वास. फुलांतून गोड थेंब खाली मेणकापडावर पडायचे. रेगिना आणि वितेक बोटाने पुसून चाटायचे, कोणाच्या वाट्याला किती थेंब यावरून हमरीतुमरीवर यायचे, आणि आई म्हणायची, "भांडा, भांडा. मोठेपणी एकमेकांचं तोंडही बघणार नाही तेव्हा हे थेंब आठवतील." आई गमतीने म्हणायची.

मार्च संपला. खोड शेंड्यापासून मातीपर्यंत भुशासारखं झालं होतं. रेगिनाने वेल खिळ्यांवरून उतरवली, तेव्हा भिंतीवर तिची वाट तशीच उमटलेली दिसली. वेलीमागचा रंग जपला गेला होता, बाकीची भिंत पिवळी पडली होती.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी वितेकची मुलगी यागोदा रंगवलेली अंडी आणि सॉसेज घेऊन आली. वितेकला जाऊन नऊ वर्षं झाली होती. यागोदा मोठ्या शहरात नोकरीला होती, पण सणासुदीला आत्याकडे हटकून यायची. अर्धा दिवस आईकडे, अर्धा दिवस आत्याकडे. ही वाटणी तिला आठव्या वर्षापासून पाठ होती, कारण तिची आई होनोराता आणि आत्या रेगिना एकमेकींशी एकतीस वर्षं बोलत नव्हत्या. एकच गाव, मध्ये चार रस्ते, आणि एकतीस वर्षं! रेगिना चर्चला नऊच्या प्रार्थनेला जायची, होनोराता अकराच्या. वितेकच्या दफनाला दोघी उभ्या होत्या त्या खड्ड्याच्या दोन बाजूंना.

यागोदाने स्वयंपाकघरात पाय टाकला आणि ती थबकलीच. "आत्या! वेल?"

"गेली."

"गेली म्हणजे? अख्खी?"

"अर्धी कशी जाईल? खिडकी राहिली उघडी. जाऊ दे, तू बस."

यागोदा बसली नाही. भिंतीवरच्या त्या फिकट वाटेवरून बोट फिरवत म्हणाली, "अग, मग आईकडून..." आणि जीभ चावली.

"काय आईकडून?"

"काही नाही."

"यागोदा, तू तुझ्या बापावर गेली आहेस, तुला खोटं बोलता येत नाही. काय आईकडून?"

यागोदाने सुस्कारा टाकला. "आमच्याकडे आहे. तुझ्याच वेलीची. सगळ्या स्वयंपाकघरात फिरली आहे. घरात ताकीद होती, आत्यापाशी वेलीचं नाव काढायचं नाही."

रेगिनाचे कान तापले. "म्हणजे शेवटी नेलीच म्हण की चोरून!"

"मला नाही माहीत ग. मी आठ वर्षांची होते. आईला विचार."

"विचारतो माझा जोडा," रेगिना म्हणाली आणि अंडं इतक्या जोरात सोललं की निम्मं टरफलाबरोबर गेलं.

आता ही चोरीची भानगड समजायची तर आमच्याकडची एक रीत माहीत हवी. झाडाची फांदी आमच्याकडे कोणी मागत नाही. (रेगिनाकडे मागायचे, ते ती चोरायला पाठच फिरवायची नाही म्हणून.) मागून आणलेली धरत नाही, विकत घेतलेली कुढत जगते, चोरलेलीच फोफावते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून पाहुणी आली, खिडकीपाशी रेंगाळली, की घरच्या बाईने चहा बघायला आत जायचं. पाहुणीने पटकन खुडून पर्समध्ये टाकायचं. घरच्या बाईला दिसलं तरी दिसलेलं नसतं. आणि चुकून कोणी आपणहून फांदी दिलीच, तर घेणारीने आभार म्हणून मानायचे नाहीत. आभार मानले की मूळ फुटत नाही. बस्स, एवढंच.

रेगिनाच्या आईने, झोफियाने, ही मेणवेल अशीच आणली होती. सन सत्तावन्न. सात वर्षांच्या रेगिनाची दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजला होता. दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या दोघी. खिडकीत ही वेल. आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, केसातली पिन काढायला हात वर नेल्यासारखं केलं, आणि कट्! पांढरा चीक आईच्या बोटांवर आला. आईने तो तुकडा रेगिनाच्याच लोकरी हातमोज्यात खुपसला आणि मोजा तिच्या कोटाच्या खिशात. रेगिनाचे डोळे एवढे झाले. आईने तिच्या सुजलेल्या गालाला गाल लावला नि कानात म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस."

दाढ निघेपर्यंत रेगिनाने तोंडातून चकार शब्द काढला नाही. डॉक्टर म्हणाले, काय धीट पोर आहे. धीट कसली, पोलिस येतील म्हणून ती गार पडली होती. घरी जाताना दोघी हसून हसून वाकल्या. रेगिनाला आई इतकी हसलेली पुन्हा कधी आठवत नव्हती.

आणि त्याच आईच्या देखत, तीस वर्षांनी, रेगिनाने ते केलं.

पंधरा मे, सत्याऐंशी. आईचा नामदिन. आमच्याकडे वाढदिवसाचं कौतुक पोरांना, मोठ्यांचा नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस. झोफियाचा दिवस म्हणजे थंडीचाही शेवटचा दिवस, त्यानंतर कुंड्या बाहेर काढायच्या. घर माणसांनी भरलं होतं. पनीरचा केक, चेरीची घरगुती दारू, नुसता गलका. रेगिना बशा आणायला स्वयंपाकघरात वळली, तर होनोराता वहिनी स्टुलावर चढलेली. हातात नखं कापायची कात्री. कट्! फांदी पर्समध्ये. नेमकी तिलाच वर्षातल्या पहिल्या कळ्यांचा घोस होता.

रेगिनाच्या मागे आई उभी होती. तिनेही पाहिलं. तिने रेगिनाची बाही ओढली आणि हळूच, गालातल्या गालात हसत म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस."

पण रेगिनाने पाहिलं होतं. सदतीस वर्षांची, लग्न न झालेली, आईला सांभाळणारी, घराचं भाडं भरणारी रेगिना. वितेक महिन्यातून दोनदा यायचा आणि राजासारखा बसायचा. त्याला बायको होती, पोर होती, नवं घर होतं. हिच्याकडे काय होतं? आई आणि ही वेल. पोटात इतक्या वर्षांचं जे साचलं होतं ते त्या कात्रीच्या आवाजासरशी उसळून आलं.

"वहिनी," ती मोठ्यांदा म्हणाली, बाहेरच्या खोलीतही सगळे गप्प झाले, "पर्स उघड."

"वन्सं..." होनोराता हसायला गेली.

"उघड म्हणते ना! भाऊ नेलास, आता वेलही ने. घरातलं आणखी काय काय नेलंस आजवर, तेही बघू दे सगळ्यांना."

सगळे दारात जमले. होनोराताचा चेहरा पांढराफटक पडला. ती स्टुलावरून उतरली, पर्स उघडली, फांदी काढून केकच्या ताटापाशी ठेवली. "सासूबाई, उदंड आयुष्य लाभो तुम्हाला," एवढंच म्हणाली आणि कोट घेऊन निघाली. वितेक तिच्यामागे. त्याने बहिणीकडे जे पाहिलं, ते रेगिना आजही विसरली नव्हती.

रात्री भांडी विसळताना आई म्हणाली, "नऊ वर्षं ती या घरात पाहुण्यासारखी बसायची, कधी साखर मागितली नाही. आज पहिल्यांदा हात लावला. ज्या घरात जीव नाही, तिथली वेल कोण चोरील ग?" रेगिना फणकारली, "कळ्यांची फांदी होती ती." सकाळी टेबलावरची फांदी गायब होती. आईने कचऱ्यात टाकली, असंच रेगिना धरून चालली.

माफी मागायची तिच्या मनात शंभरदा आलं असेल. पहिल्या आठवड्यात मागितली असती तर जमलं असतं. महिन्याने जड झालं, वर्षाने अशक्य. आई गेली, वितेक गेला. आता कोणासाठी, आणि कोणत्या तोंडाने?

ईस्टरपासून झोफियाच्या दिवसापर्यंत सहा आठवडे रेगिना स्वतःशी भांडत होती. रिकामी कुंडी खिडकीतून तिच्याकडे बघायची. तुकडा मिळाला नाही तर आईच्या हातचं जिवंत असं जगात काही उरलं नाही, हे तिला ढळढळीत कळत होतं. बाकी काय होतं? दोन फोटो, एक लाटणं. आणि तो तुकडा ज्या घरात होता त्याचं दार तिनेच बंद केलं होतं. यागोदाकरवी मागवावा? छे! मागून आणलेली धरणार नाही. शिवाय तिला स्वतःलाही माहीत होतं, प्रश्न नुसत्या वेलीचा नव्हता.

पंधरा मेला तिने पनीरचा केक केला. सकाळी आठला आईच्या थडग्यावर फुलं ठेवून आली. दुपारी चांगला कोट घातला, केक पिशवीत घेतला. "नुसतं बघून येईन," ती आरशातल्या बाईला म्हणाली. मग पर्समध्ये ओला रुमाल, प्लॅस्टिकची पिशवी आणि नखं कापायची कात्री टाकली. वाटेत नख बिख तुटलं तर असू द्यावी.

चार रस्ते ओलांडायला कंबरेने पाऊण तास लावला. मग तीन जिने. दाराशी पोचून तिने दम घेतला. परत फिरावं असं वाटलं, पण चढलेले तीन जिने फुकट कोण घालवणार! तिने बेल दाबली.

होनोराताने दार उघडलं. केस पांढरे, गुडघ्यांना पट्टे, हाताला पीठ. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या.

"आईचा नामदिन आहे," रेगिना म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

"माहीत आहे," होनोराता म्हणाली. पिशवी घेतली, आत डोकावली. "मनुका घातल्यात?"

"घातल्यात."

"सासूबाई नाही घालायच्या."

"तुला आवडतात म्हणून घातल्या," रेगिना बोलून गेली आणि कानशिलापर्यंत लाल झाली. एकतीस वर्षं हे तिच्या ध्यानात होतं, हे तिचं तिलाच आत्ता कळलं.

होनोराता दारातून बाजूला झाली. "या वन्सं. उंबऱ्यात उभं राहून बोलू नये, भांडण होतं. आपल्याला आणखी कुठे परवडतंय."

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि रेगिनाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. वेल खिडकीतून निघून फ्रिजवरून, कपाटावरून, वितेकच्या फोटोभोवती फिरून पुन्हा खिडकीत आली होती. पहिला गुच्छ उमलला होता. चार वाजून गेले होते, वास नुकता कुठे सुटायला लागला होता. मध आणि लवंग. आणि दोरा जिथे जिथे बांधला होता तिथे तिथे बुटांचे बारीक काळे खिळे.

"हे बाबांचे," रेगिना म्हणाली.

"ह्यांनी डबा मागून आणला होता सासूबाईंकडून. प्रत्येक खिळा ठोकताना हातोडी बोटावर मारून घ्यायचे. चांभाराचा मुलगा म्हणे!"

रेगिना हसली, आणि हसता हसता डोळे भरले. "वहिनी, ही आली कुठून? ती फांदी तर..."

होनोराताने चहाचे ग्लास मांडले. पाठ तिच्याकडेच ठेवून बोलली. "दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सासूबाई आल्या. बसल्या. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. कालचं अक्षर काढलं नाही. गेल्यावर बघते तर टेबलावर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी विसरून गेलेल्या. मी जिन्यावरून हाक मारली, सासूबाई, तुमचं काहीतरी राहिलं! तर खालून म्हणाल्या, माझं काही नाही ते, मला ऐकू येत नाही, आणि धूम ठोकली. साठीच्या बाई!"

दोघी केक खात बसल्या. गुडघे, कंबर, यागोदाचं लग्न कधी व्हायचं, चर्चचा नवा पाद्री भराभर उरकतो, सगळं झालं. मधले एकतीस वर्षांचे विषय दोघींनी अलगद वगळले. रेगिनाचा डोळा सारखा वेलीकडे जात होता. मागता येत नव्हतं. मागायचं नसतंच. आणि माफी? ती कशी मागतात, पहिला शब्द काय असतो?

"यागोदा म्हणाली तुमची गेली," होनोराता एकदम म्हणाली.

"गेली."

होनोराताने मान हलवली. ग्लास ठेवला आणि टेबलाला रेटा देत उठली. "मी जरा तळघरातून बटाटे घेऊन येते. रात्रीला लागतील. माझे गुडघे हे असे, वीस मिनिटं तरी लागतील मला. बसा तुम्ही."

दार बंद झालं. जिन्यावर एकेक पायरी टेकत जाण्याचा आवाज लांब गेला.

रेगिनाने पर्स उघडली. कात्री हातात घेतली. आणि हात उचलेना. आयुष्यात तिने कधी कोणाचं पानही खुडलं नव्हतं. कुठल्या तोंडाने इथे खुडणार? ज्या बाईला तिने चारचौघांत पर्स उघडायला लावली, तिच्याच घरात? ती तशीच बसून राहिली. गुच्छातून एक थेंब मेणकापडावर पडला. वितेकच्या वाट्याचा, तिच्या मनात आलं.

दार उघडलं. होनोराता धापा टाकत आत आली, हातात बटाट्यांची पिशवी. तिने आधी वेलीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं जिथल्या तिथे. मग कात्री हातात धरून बसलेल्या नणंदेकडे पाहिलं. कात्री लपवायला रेगिनाला जमलं नाही.

"अग माझ्या कर्मा!" होनोराता कपाळाला हात लावून म्हणाली. "कांदे राहिले."

"वहिनी, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघीन! बटाटे काय कांद्याशिवाय खायचे?" ती पुन्हा दाराकडे वळली, आणि वळता वळता, बघतच नसल्यासारखी, म्हणाली, "खिडकीजवळची फांदी नुसती लांबुडकी आहे, बिनपानांची. तिला हात लावून काही उपयोग नसतो. फ्रिजवरची चांगली आहे, जून आहे. आपलं सहज सांगते." आणि गेली. तीन जिने खाली. दुसऱ्यांदा.

रेगिना उठली. फ्रिजपाशी गेली. दोन पेरांची, चार पानांची फांदी, कळ्यांचा घोस नसलेली, नीट बघून निवडली. कट्! पांढरा चीक टपटप गळला, बोटांवर, फ्रिजवर, मेणकापडावर. तिने फांदी ओल्या रुमालात गुंडाळली, पिशवीत घातली, पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली आणि मांडीवर धरून बसली. अडुसष्ट वर्षांच्या बाईचे कान सात वर्षांच्या पोरीसारखे तापले होते. गालसुद्धा सुजला असावा असं तिला वाटलं.

होनोराता परत आली तेव्हा तिच्या हातात एकच कांदा होता. तो तिने ओट्यावर ठेवला, खुर्चीत बसली, दम खाल्ला. मग मेणकापडावरचे पांढरे ठिपके तिला दिसले. ती ॲप्रनच्या टोकाने ते एकेक करून पुसायला लागली.

"वहिनी," रेगिना म्हणाली, "मी त्या दिवशी..."

"गप्प बसा," होनोराता पुसता पुसता म्हणाली. "एक शब्द बोललात तर मूळ फुटायचं नाही."

"आभार नाही मानत मी. दुसरंच म्हणत होते. मी त्या दिवशी बघायला नको होतं ग. आईने सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

होनोराताचा हात थांबला. शेवटचा ठिपका राहिला होता, रेगिनाच्या ग्लासाजवळ. तिने ग्लास उचलला, ठिपका पुसला, ग्लास परत होता तिथे ठेवला. मग मान वर करून नणंदेकडे पाहिलं. तिचेही डोळे भरले होते.

"वन्सं," ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."